परतीचं तिकीट दाखवा म्हटलं तर?

प्रश्न : ताई, माझी लेक पंचवीस वर्षांची आहे आणि डिसेंबरात एकटीच फिरायला निघते आहे. नागपूरहून मुंबईमार्गे बँकॉक, तिथून रेल्वेने लाओस, मग व्हिएतनाम आणि हनोईहून घरी. हनोई-मुंबई तिकीट काढलं आहे, पण बँकॉकहून बाहेर पडायचं विमानाचं तिकीट नाही. एक एजंट म्हणतो, त्याशिवाय विमानात बसूच देणार नाहीत; पाचशे रुपयांत ‘डमी’ करून देतो. तिची मैत्रीण म्हणते, कोणी विचारत नाही. ऐकायचं कोणाचं? — एक आई, मनीषनगर

उत्तर : मैत्रिणीला कोणी विचारलं नसेल, तिचं खोटं नाही. सीताबर्डीवर माझं तिकिटांचं दुकान एकतीस वर्षं चाललं. कार्बन कागदाची लाल तिकिटं हाताने फाडून देण्यापासून २००८ मध्ये कागदी तिकिटं बंद झाली त्याच्याही पुढेपर्यंत. तेवढ्या काळात माझ्या बहुतेक गिऱ्हाइकांना कोणी हा प्रश्न केला नाही. पण ज्यांना केला, त्यांनी मला रात्री एक वाजता फोन केला. म्हणून मला बहुतेकांपेक्षा तेच जास्त आठवतात.

आधी एक समजून घ्या. हा प्रश्न बँकॉकला उतरल्यावर विचारतील असं सगळ्यांना वाटतं. तिथेही विचारू शकतात, पण खरी अडचण येते ती आपल्याच देशात, चेक-इन काउंटरवर. प्रवाशाला त्या देशाने दारातून परत पाठवलं तर त्याला माघारी आणायची जबाबदारी त्याला नेणाऱ्या विमान कंपनीवर येते, अनेक देशांत वरून दंडही बसतो. त्यामुळे काउंटरवरची मुलगी संगणकात ‘टिमॅटिक’ नावाची नोंदवही उघडते. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेची, म्हणजे आयाटाची आहे ती. तुमचा पासपोर्ट कोणत्या देशाचा, जायचं कुठे, किती दिवस, हे घातलं की काय कागद हवेत ते दिसतं. तिथे ‘परतीचं किंवा पुढचं तिकीट’ असं आलं की ती मागणारच. तिच्याशी भांडू नका जी, नोकरी तिची आहे.

तुमच्या लेकीचं नागपूर-मुंबई-बँकॉक एकाच तिकिटावर असेल आणि सामान थेट बँकॉकपर्यंत लागणार असेल, तर हा प्रश्न सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावरच, पहाटे येऊ शकतो. दोन वेगळी तिकिटं असतील तर मुंबईत येईल. दोन्हीकडे कागद हाताशी हवेत. फोनमध्ये आहेत म्हणू नका, फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच मान टाकते.

आता तिच्याकडे काय आहे ते पाहू. हनोई-मुंबई तिकीट कामाचं आहे, पण त्यातून ती थायलंडमधून कशी निघणार ते कळत नाही. मधला दुवा जोडा. बँकॉक ते लाओसची राजधानी व्हिएन्टिन थेट रेल्वे जुलै २०२४ पासून चालते, तिचं तिकीट ऑनलाइन निघतं. ते काढा. व्हिएतनामचा ई-व्हिसा आधीच घ्या. त्यावर कोणत्या नाक्यावरून शिरणार आणि कुठून बाहेर पडणार ते लिहावं लागतं, म्हणून लाओसहून बसने जाणार असेल तर तो नाका नीट निवडा. मग रेल्वेचं तिकीट, व्हिएतनामचा व्हिसा आणि हनोईचं तिकीट या क्रमाने टाचून ठेवा. काउंटरवाल्याला गोष्ट सलग दिसली की तो सहसा पुढे जाऊ देतो. ‘सहसा’ म्हणते, कारण विमानाच्याच तिकिटावर अडून बसणारा एखादा मी पाहिलेला आहे. तेवढ्यासाठी बँकॉकहून क्वालालंपूरचं एखादं स्वस्त तिकीट किंवा पैसे परत मिळणारं तिकीट मनात ठरवून ठेवा, तिथेच फोनवर काढता येईल. थायलंडने जुलै २०२४ मध्ये व्हिसाशिवाय साठ दिवस राहू द्यायला सुरुवात केली होती. अशा सवलती बदलत असतात, म्हणून निघायच्या आठवड्यात दिवस पुन्हा तपासा. पुढच्या तिकिटाची तारीख त्या दिवसांच्या आत पडली पाहिजे. थायलंडचं डिजिटल आगमन कार्डही पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं. ते फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा.

‘डमी’बद्दल जरा स्पष्ट बोलते. बाजारात याचे दोन प्रकार आहेत. एकात एजंट खरी जागा धरतो, पैसे भरत नाही. पीएनआर खरा असतो पण काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी आपोआप गळून पडतो. दुसऱ्यात नुसतं चित्र छापलेलं असतं, मागे काहीच नसतं. खऱ्या ई-तिकिटाला तेरा आकडी तिकीट क्रमांक असतो, पहिले तीन आकडे विमान कंपनीचे. एअर इंडियाचे ०९८. तुमच्या एजंटाने दिलेल्या कागदावर तो क्रमांक शोधा. नसेल तर काय विकत घेतलं ते कळेल. दुसऱ्या प्रकाराला कायदा बनावट कागदपत्र म्हणतो, आणि पंचवीस वर्षांच्या मुलीच्या नावावर तशी नोंद पाचशे रुपयांत नको.

माझ्या स्वतःच्या चुकीची गोष्ट सांगते, इतवारीतल्या एका नवरा-बायकोची. बालीला एकेरी तिकिटावर मीच पाठवलं. परतीचं ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणाले, मी मान डोलावली. मुंबईच्या काउंटरवर अडवलं, रात्री फोन. मी झोपेत बाली-सिंगापूरचं तिकीट काढून पाठवलं, स्वस्त म्हणून. पाच मिनिटांत पुन्हा फोन : “सिंगापूरचा व्हिसा कुठे आहे, विचारतात.” आपल्याला तिथे व्हिसा लागतो, आणि ज्या देशात शिरता येत नाही तिथलं तिकीट म्हणजे पुढचं तिकीट नव्हेच! शेवटी बाली-मुंबई काढलं, नेहमीच्या तिप्पट दराने. फरक माझ्या खिशातून गेला आणि त्या बाईंनी परत आल्यावर मला संत्रा बर्फी दिली. ती खाताना मला फार लाज वाटली होती.

प्रश्न : आमच्याकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा आहे. मुलीचं बाळंतपण आहे, परत केव्हा येऊ ठरलेलं नाही. एकेरी तिकीट चालेल का? — निवृत्त शिक्षक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : पर्यटक व्हिसावर जाणाऱ्याकडे परतीचं तिकीट असलंच पाहिजे असा अमेरिकेचा नियम नाही. तरी काढा. दहा वर्षं ही व्हिसाची मुदत आहे, राहायची नव्हे. किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, बहुधा सहा महिने, आणि ती तारीख आय-९४ नावाच्या तुमच्या प्रवेशाच्या नोंदीत असते. घरी सून-मुलगा असतील, पेन्शन इथे जमा होत असेल, तेही विचारलं तर सांगायचं. तारीख बदलता येणारं परतीचं तिकीट हातात असलं की “कधी परत जाणार?” या प्रश्नावर दोघांची उत्तरं जुळतात. काका एक सांगतात, काकू दुसरं, असं फार होतं!

प्रश्न : नेपाळला परतीचं तिकीट लागतं का? — दोन मैत्रिणी, धरमपेठ

उत्तर : नाही. गोरखपूर-सोनौलीमार्गे रस्त्याने गेलात तर पासपोर्टही लागत नाही, मतदार ओळखपत्र पुरतं. विमानाने जाणार असाल तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवंच. पंधरा ते पासष्ट वयाच्या लोकांना तिथे आधार कार्ड चालत नाही. पर्समध्ये तेवढं एकच असतं हे मला माहीत आहे, म्हणून मुद्दाम सांगते.