नेटवर्क स्विचच्या, म्हणजे डेटाची पॅकेट एका पोर्टवर घेऊन दुसऱ्यावर पाठवणाऱ्या यंत्राच्या, प्रत्येक इनपुटला एकच रांग ठेवली तर वेग का घटतो? आयस्लिप (iSLIP) हे इनपुट-आउटपुटच्या जोड्या लावणारं तंत्र नेमकं काय करतं?

नाशिकचा द्वारका चौक डोळ्यासमोर आणा. मुंबई नाक्याकडून आलेला ट्रक उजवीकडे नाशिकरोडला वळायला थांबलाय. त्याच्या मागच्या रिक्षाला सरळ आडगावला जायचंय, रस्ताही मोकळा आहे, पण ट्रक हलेपर्यंत तिला पुढे सरकता येत नाही. स्विचमध्ये हेच होतं: रांगेतलं पहिलं पॅकेट अडलं की मागची सगळी अडतात. पोर्ट भरपूर असतील आणि पॅकेट सगळीकडे सारखी जात असतील, तर एका रांगेत क्षमतेच्या जेमतेम ५८.६ टक्केच वापरता येते.

उपाय म्हणजे प्रत्येक इनपुटवर दर आउटपुटसाठी वेगळी रांग. मग खरा प्रश्न उरतो जोड्या लावण्याचा, म्हणजे कुठल्या इनपुटने कुठल्या आउटपुटला पाठवायचं हे ठरवण्याचा, आणि १०० गिगाबिटच्या पोर्टवर ६४ बाइटच्या पॅकेटमागे त्यासाठी जेमतेम ५ नॅनोसेकंद मिळतात! सर्वोत्तम जोडी शोधत बसायला वेळच नसतो.

संगणकशास्त्रज्ञ निक मॅककिऑन यांचं आयस्लिप इथे मला फार आवडतं. इनपुट मागणी करतं, आउटपुट आळीपाळीने एकाला होकार देतं, इनपुट त्यातला एक स्वीकारतं. खुबी अशी की होकार स्वीकारला गेला तरच आउटपुटची पाळी पुढे सरकते. त्यामुळे जास्त भार आला की सगळ्यांच्या पाळ्या आपोआप वेगवेगळ्या होतात, टक्कर टळते. रहदारी फारच एकांगी असेल, म्हणजे पॅकेट सगळीकडे सारखी जात नसतील, तर मात्र ते थोडं कमी पडतं.