अमेरिकेत खाडीचे बांध मुद्दाम का फोडतात? सॅल्मनच्या पिल्लांना त्याचा खरंच फायदा होतो का?

तुम्ही लिहिलंय की अलिबागकडे तुमच्या घरच्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बाहेरकाठा, म्हणजे खाडीकडचा बांध, राखून खारं पाणी भातशेतीबाहेर ठेवलं, आणि इकडे वॉशिंग्टन राज्यात सरकारच बांध फोडून समुद्र आत घेतंय. हे पटत नाही, असं तुमचं म्हणणं. मी ऑलिम्पियाजवळ राहतो आणि निस्क्वाली नदीच्या मुखाशी मासेमोजणीला मदत करायला जातो. त्यामुळे तिथलंच सांगतो.

फायदा होतो, आणि चांगला होतो. मात्र तो काय असतो हे कळायला पिल्लाकडे बघावं लागतं.

सॅल्मन मासा नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत परत येतो. त्यातल्या चिनूक जातीचं पिल्लू नदीतळाच्या गोट्यांतून वर येतं तेव्हा जेमतेम साडेतीन-चार सेंटीमीटरचं असतं. त्यातली बरीचशी पिल्लं लगेच प्रवाहाबरोबर खाली येतात. गोड्या पाण्यात त्यांचे कल्ले पाण्यातलं मीठ शरीरात ओढून घेत असतात. समुद्रात नेमकं उलटं काम पडतं, जास्तीचं मीठ बाहेर टाकायचं. हा बदल व्हायला दिवस लागतात, आणि तोवर पिल्लाला निमखारं पाणी, भरपूर खाणं आणि लपायला जागा लागते. भरतीचं पाणी खेळणाऱ्या खाजणात हे तिन्ही एकत्र मिळतं. तिथे काही आठवडे, कधी काही महिने राहून पिल्लू अंगाने दुप्पट होतं आणि मग समुद्रात उतरतं. जितकं मोठं होऊन उतरेल तितकी ते जगण्याची शक्यता जास्त. मधलं खाजणच नसेल तर ते बिचारं चार सेंटीमीटरचं असतानाच खाडीबाहेर ढकललं जातं.

मोजणी कशी होते तेही सांगतो. भरती पूर्ण चढली की चिंचोळ्या ओहळाच्या तोंडाशी आपल्या कोळ्यांच्या डोलीसारखं पिशवीचं जाळं लावतात. ओहोटीबरोबर ओहळ रिकामा होऊ लागतो आणि आत चरायला गेलेली पिल्लं जाळ्यात येतात. ओल्या हातानेच धरायचं, लांबी मोजायची. काहींच्या तोंडात बारीक नळीने पाणी सोडून पोटातलं खाणं बाहेर काढतात आणि पिल्लू पुन्हा सोडून देतात. बशीत काय पडतं? चिलटांच्या अळ्या, कोष, लव्हाळ्यावरून पाण्यात पडलेले किडे, जवळ्याहूनही बारीक कवचाचे जीव. हे अन्न लव्हाळा आणि चिखल मिळून तयार करतात. बांधाआडच्या कोरड्या कुरणात ते तयारच होत नाही, आणि झालं तरी मासा तिथवर पोचणार कसा?

निस्क्वालीच्या मुखावर 1904 च्या सुमारास ब्राउन नावाच्या शेतकऱ्याने लांबलचक बांध घातला आणि गुरांसाठी जमीन काढली. पुढे 1974 मध्ये तिथे अभयारण्य झालं तरी बांध होता तसाच राहिला. खरी सुरुवात केली ती तिथल्या मूळ रहिवाशांच्या, निस्क्वाली जमातीने. नदीच्या पलीकडच्या आपल्या बाजूचे बांध त्यांनी 1996 पासून टप्प्याटप्प्याने काढले. 2009 मध्ये अभयारण्याचा मोठा बांध निघाला आणि 762 एकरांत पुन्हा भरती शिरली. आज ते अभयारण्य मासेमारीच्या हक्कासाठी लढलेले याच जमातीचे बिली फ्रँक ज्युनियर यांच्या नावाने ओळखलं जातं. याच मुखाशी 1854 मध्ये अमेरिकी सरकारशी झालेल्या तहात जमातींचा मासेमारीचा हक्क लिहून दिलेला होता. तो बजावला म्हणून या माणसाला चौदाव्या वर्षापासून पन्नासहून जास्त वेळा अटक झाली. शेवटी 1974 मध्ये न्यायालयाने पकडण्याजोग्या माशांतला निम्मा वाटा जमातींचा ठरवला. पण नदीत मासाच उरला नाही तर निम्म्या वाट्याचं करायचं काय? निस्क्वाली जिथे समुद्राला मिळते त्या प्युजेट साउंड या आखाताच्या चिनूकला 1999 मध्ये धोक्यातली प्रजाती जाहीर करावं लागलं. जमाती खाजणासाठी इतक्या चिवटपणे का लढतात ते यातून समजतं, आणि मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटतं.

आता अडचणीची बाजू. बांध फोडला की पाणी त्याच दिवशी येतं, खाजण येत नाही. शंभर वर्षं कोरडी राहिलेली जमीन दबते. तिच्यातला कुजका पाला हवा लागून संपतो, वरून नवा गाळ येत नाही, आणि ती बाहेरच्या खाजणापेक्षा खाली बसते. मग भरती आली की नुसतं तळं. गोड्या पाण्यावरचं गवत मरतं आणि पहिली काही वर्षं उघडा चिखलच दिसतो. बघणारे म्हणतात, सगळं बिघडवलं. लव्हाळा रुजायला जमीन वर यावी लागते, त्यासाठी गाळ हवा, आणि इथेच निस्क्वालीची दुखरी नस आहे. माउंट रेनियरच्या हिमनदीतून ही नदी गाळाने भरून निघते, पण 1945 पासून वरच्या खोऱ्यातला बहुतेक गाळ ऑल्डर धरणात अडतो. म्हणून काही भागांना अजून कित्येक दशकं लागतील असं मला वाटतं. तरीही पिल्लं खाजण तयार व्हायची वाट बघत बसत नाहीत. बांध गेल्यावर जुन्या ओहळांत ती लवकरच शिरू लागली.

यश मोजताना फक्त परत येणारे मोठे मासे मोजू नका, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. तो आकडा समुद्राचं तापमान, मासेमारी, वरची धरणं अशा दहा गोष्टींवर हलतो. ऑरेगॉनमधल्या सॅल्मन रिव्हर नावाच्या छोट्या नदीचा दाखला जास्त बोलका आहे. तिथले बांध 1978, 1987 आणि 1996 मध्ये काढले. आधीच्या नोंदी हाताशी होत्या, म्हणून तुलना करता आली. बांध असताना खाडीत पिल्लं थोडेच महिने दिसायची. नंतर ती जास्त महिने, वेगवेगळ्या आकारांची दिसू लागली. काही लवकर उतरणारी, काही रेंगाळणारी. एखाद्या वर्षी समुद्रात लवकर उतरलेल्यांचे हाल झाले तर उशिरा गेलेली वाचतात.

शेतकऱ्यांचं काय, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. याच राज्यातल्या स्कॅजिट नदीवर यावरून वर्षानुवर्षं वाद चाललेत. तिथे फर आयलंडवर 2016 मध्ये सुमारे 130 एकर भरतीला खुले केले, पण आधी मागच्या बाजूला नवा, उंच बांध घातला आणि शेतांतल्या पाण्याच्या निचऱ्यासाठी तळं व पंप बसवले. जमीनही सरकारीच होती. कुणाच्या चालू शेतात पाणी सोडून कुणी मोकळं झालं नाही.

त्यामुळे यावरून तुमचा बाहेरकाठा फोडावा असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. तुमच्याकडे बांधामागे चालती शेती आणि गाव आहे, आणि बांध फुटला की तिथे खारफुटी शिरून शेत कायमचं जातं हे तुम्ही पाहिलेलं असेलच. इथे जे बांध निघाले ते विकत घेतलेल्या किंवा सरकारच्या ताब्यातल्या जमिनींवरचे. माशांसाठी काही करायचंच असेल तर आधी वापरात नसलेली, पडीक झालेली खाजणं बघा, आणि नादुरुस्त उघाड्या (बांधातली पाण्याची झडपदारं) दुरुस्त करताना माशाला आत-बाहेर करता येईल का, हे गावकीत विचारा.