आधी शहर, मग टँकर

प्रश्न: मी २४ वर्षांचा आहे. अवजड वाहनाचा परवाना मिळून दीड वर्ष झालं. तेव्हापासून बंद बॉडीचा ट्रक हायवेला चालवतोय. आता दोन नोकऱ्या समोर आहेत. एक शहरात माल पोचवायची : दिवसाला १२-१५ ठिकाणी गाडी खाली करायची, रात्री घरी. दुसरी इंधनाच्या टँकरवर : पगार जवळपास दीडपट, पण आठवड्यातल्या तीन-चार रात्री बाहेर. आई टँकरला घाबरते. मला शहरातली गर्दी नकोशी वाटते. एकट्याने, शांतपणे गाडी चालवायला आवडतं. खरं सांगतो, घाई असली की निघण्याआधी गाडी तपासायचा मी कंटाळा करतो. काय निवडू?

प्रिय मित्रा,

गाडी तपासायचा कंटाळा करतो, हे लिहायला धीर लागतो. ते तू लपवलं नाहीस, म्हणून मलाही सरळ सांगता येतंय : आत्ता शहरातला ट्रक घे. टँकर कायमचा सोड असं मी म्हणत नाही. वर्ष-दीड वर्षाने, ही एक सवय बदलली की खुशाल तिकडे जा.

आधी आईच्या भीतीबद्दल. तिच्या डोळ्यांसमोर पेटलेला टँकर येत असणार. आगीचा धोका खरा आहेच, विशेषतः भरताना आणि खाली करताना. नळीतून वाहणाऱ्या इंधनामुळे स्थिर वीज साठते, तिची एक ठिणगी वाफेला पुरते. म्हणून अर्थिंगची क्लॅम्प, म्हणजे ती वीज जमिनीत सोडणाऱ्या तारेचा चिमटा, सगळ्यात आधी लावायची आणि सगळ्यात शेवटी काढायची. हा क्रम पाळला, व्हॉल्व्हपाशी उभं राहिलं, फोन लांब ठेवला, तर तो धोका बराच आटोक्यात राहतो. पण रस्त्यावर टँकरवाल्याचा मोठा वैरी वेगळाच असतो. तो म्हणजे गाडी उलटणं.

तू आजवर वाहिलेला माल बांधला की जागेवर बसतो. पातळ माल बसत नाही. ब्रेक मारलास की सगळी लाट पुढच्या भिंतीवर आदळते, आणि थांबलेली गाडीसुद्धा ती पुढे ढकलते. टाकीत आडव्या, भोकांच्या भिंती असतात, त्यांना बॅफल म्हणतात. त्या ही पुढची-मागची लाट मोडतात. डाव्या-उजव्या बाजूची लाट मात्र त्यांनी थांबत नाही. दुधासारख्या खाण्यापिण्याच्या मालाच्या टाकीत तर कोपऱ्यांत घाण राहू नये म्हणून बॅफल बहुधा नसतातच. त्यात टाकी उंच, म्हणजे वजनाचा मध्यही वर. वळणावर वेग ताशी २० वरून ३० किलोमीटर केलास की बाहेर ओढणारा जोर दीडपट होत नाही, सव्वादोनपट होतो. त्याच क्षणी आतला द्रवही त्याच बाजूला चढलेला असतो. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण टँकरला अक्षरशः लागू पडते : काठोकाठ भरलेल्यापेक्षा अर्धा भरलेला टँकर जास्त झुलतो. शेवटच्या पंपाकडे निघालेली, थोडासाच माल उरलेली गाडी हलकी वाटते, आणि माणूस तिथेच फसतो.

पूर्ण काठोकाठही भरता येत नाही. पेट्रोल दहा अंशांनी तापलं तर २०,००० लिटरमागे सुमारे २०० लिटर फुगतं, त्याला जागा ठेवावी लागते. शिवाय मालागणिक वजन बदलतं. तेवढंच पेट्रोल साधारण १५ टन भरतं, पाणी २० टन आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल ३६ टनांच्या वर. ‘टँकर चालवतो’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. काय वाहतोस ते आधी विचारायला हवं.

‘एकट्याने, शांतपणे’ या तुझ्या शब्दांपाशी मी थबकलो. टँकरवर एकटेपण मिळेल. शांतता मात्र वाटते तेवढी नाही, कारण डोकं सतत जागं ठेवावं लागतं. टँकरच्या कोणत्या कप्प्यात काय आहे, पंपावर जमिनीखालच्या कोणत्या टाकीत किती जागा शिल्लक आहे, नळी बरोबर तोंडाला लागली का? पेट्रोलच्या टाकीत डिझेल सोडलं तर कित्येक गाड्या बंद पडतात आणि बिल तुझ्या नावावर फाडलं जातं. हवा आत यायची वाट उघडी आहे का हे न बघता माल ओढला, तर आत पोकळी होऊन टँकरची टाकी पत्र्याच्या डब्यासारखी चेपते. यातलं एकही काम अवघड नाही. फक्त प्रत्येक फेरीला, प्रत्येक वेळी करावं लागतं, कंटाळा आला तरीही. म्हणून तुझं ते वाक्य मला इतकं महत्त्वाचं वाटलं.

शहरातलं काम सोपं आहे म्हणून मी तिकडे पाठवत नाही. हायवेच्या दीड वर्षात तू रिव्हर्स किती वेळा घेतलास? शहरात एका आठवड्यात त्याहून जास्त घेशील. वळताना मागची चाकं आत कापतात, त्या कोपऱ्यात सायकलवाला उभा असतो आणि तो आरशात दिसत नाही. हे अंतर नजरेत बसायला गर्दीच लागते. तिथे वेग कमी असतो. चूक झाली तर सहसा बंपरवर निभावते, म्हणून शिकायला ती जागा बरी. लोकांशी बोलणंही होईल. तुला ते नको आहे, पण पावतीवर सही घेताना शांत राहायला शिकलास की पुढे टँकर भरायच्या रांगेतही ते कामी येईल.

शरीराची किंमत मात्र मोजावी लागते. दिवसाला १५ थांबे आणि वर्षाला ३०० दिवस धरले तर केबिनमधून साडेचार हजार वेळा उतरणं झालं. उडी मारू नकोस. गाडीकडे तोंड करून, दोन हात-एक पाय किंवा दोन पाय-एक हात टेकलेला ठेवून उतर. गुडघे आज काही बोलत नाहीत, चाळिशीत बोलतात. माल उतरवायला माणूस किंवा ढकलगाडी मिळते का, हे होकार देण्याआधीच विचार.

दीडपट पगाराचं गणित कागदावर मांड. भरायला आणि खाली करायला रांगेत गेलेले तास धरून पगार आहे, की फक्त फेरीचा? आठवड्याचे एकूण तासही दीडपट होत असतील, तर तासाला तू आहेस तिथेच राहिलास आणि रात्री तेवढ्या घराबाहेर गेल्या.

माझं उत्तर एका गोष्टीने बदलेल. टँकरवाले तुला काही आठवडे जुन्या चालकाशेजारी बसवणार असतील, धोकादायक मालाचं रीतसर प्रशिक्षण देणार असतील आणि ‘वळणावर हळू गेलो म्हणून उशीर झाला’ हे कारण ऐकून घेणार असतील, तर लगेच जायलाही माझी ना नाही. मात्र उद्यापासून आहे त्या ट्रकचे टायर, ब्रेक, दिवे रोज तपासून वहीत तारखेसह लिहायला लाग. सलग ६० दिवस खाडा पडला नाही, तर तू तयार आहेस असं मी मानेन.

आणि मुलाखतीत एवढं नक्की विचार : टाकी आतून साफ कोण करतं? रिकाम्या टाकीत वाफ साचलेली असते, प्राणवायू कमी असू शकतो. हवा न मोजता आत उतरलेला माणूस काही श्वासांत कोसळतो, आणि त्याला काढायला धावलेला दुसराही. उत्तर ‘ड्रायव्हरच उतरतो, पटकन होतं’ असं आलं, तर पगार दुप्पट असला तरी तिथून उठून ये.