बी.एस्सी. रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आमच्या कॉलेजात कंपन्या येत नाहीत. नोकरीची तयारी आतापासून कशी करावी?

तुम्ही लिहिले आहे की, नाशिकच्या एका महाविद्यालयात तुम्ही रसायनशास्त्र शिकत आहात, तेथे कंपन्या मुलाखतीसाठी येत नाहीत, पुण्यातील एका संस्थेने उपकरणे शिकवण्याच्या तीन महिन्यांच्या अभ्यासक्रमासाठी पन्नास हजार रुपये सांगितले आहेत आणि घरचे मात्र स्पर्धा परीक्षेचा आग्रह धरत आहेत. मी नाशिकच्या सातपूर आणि अंबड या औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांच्या गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळांत बावीस वर्षे काम केले असून गेली काही वर्षे नव्या पदवीधरांच्या मुलाखतीही घेते. त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते प्रयोगशाळेच्या नोकऱ्यांपुरते ठामपणे सांगता येते, बाकीच्या बाबतीत ते एका अनुभवी माणसाचे मत समजावे.

माझी पहिली मुलाखत सातपूरच्या एका कारखान्यात झाली आणि तीत मी नापास झाले. मला विचारले होते की, ०.१ नॉर्मल (नॉर्मल हे द्रावणाच्या तीव्रतेचे माप) सोडियम हायड्रॉक्साइडचे एक लिटर द्रावण कसे कराल. मी तत्परतेने सांगितले की, ४ ग्रॅम घेऊन एक लिटरपर्यंत पाणी घालीन. समोरच्या गृहस्थांनी शांतपणे विचारले, "मग ते ०.१ नॉर्मलच झाले आहे, हे तुम्हाला कशावरून कळले?" मी गप्प बसले. सोडियम हायड्रॉक्साइड हवेतील ओल आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, म्हणून तोललेले ४ ग्रॅम हे खरोखर ४ ग्रॅम नसतात आणि ते द्रावण ऑक्झॅलिक आम्लासारख्या प्राथमिक मानकाविरुद्ध, म्हणजे ज्याच्या तोललेल्या वजनावर भरवसा ठेवता येतो अशा पदार्थाविरुद्ध, तपासून घ्यावे लागते, हे मी तीन वर्षांत किमान दहा वेळा स्वतःच्या हाताने केले होते. जर्नलमध्ये तसे सुवाच्य अक्षरात लिहिलेही होते. परंतु ते आपण का करतो, हे मी स्वतःला एकदाही विचारले नव्हते. आज मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसते तेव्हाही बहुतेक उमेदवार नेमके याच ठिकाणी अडखळतात, आणि त्यांतील काहींच्या फाइलमध्ये पाच-सहा अभ्यासक्रमांची प्रमाणपत्रे असतात.

म्हणून तयारीची सुरुवात तुमच्या सध्याच्या प्रात्यक्षिकांपासूनच करा, असे मी म्हणेन. प्रत्येक प्रयोगानंतर वेगळ्या वहीत चार-पाच ओळी लिहा: हे द्रावण का, हाच दर्शक (रंग बदलून क्रिया पूर्ण झाल्याचे दाखवणारा पदार्थ) का, चूक कुठे होऊ शकते आणि ती झाल्यास उत्तर वाढेल की घटेल. पीएच मीटर वापरण्याआधी बफर, म्हणजे ठाऊक पीएचचे द्रावण, कशासाठी लावतात, ब्युरेटचे लघुतम माप ०.१ मिलिलिटर असताना उत्तर दशांशाच्या चार स्थळांपर्यंत लिहिण्यात काय गैर आहे, असे प्रश्न मुलाखतीत हमखास येतात आणि त्यांची उत्तरे कोणत्याही शिकवणीशिवाय मिळतात.

येथेच एक नाजूक गोष्ट सांगते. आपल्याकडे सी.बी.आर. (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, म्हणजे ब्युरेटवर पुन्हा पुन्हा तेच येणारे रीडिंग) जुळावे म्हणून तिन्ही रीडिंग एकसारखी 'बसवण्याची' सवय पहिल्या वर्षापासून लागते आणि शिक्षकही त्याकडे कानाडोळा करतात. औषधनिर्मितीच्या कारखान्यात हीच सवय नोकरी घालवते. तेथे चुकलेला आकडा एका रेषेने, मूळ आकडा वाचता येईल असा खोडायचा, शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख टाकायची, व्हाइटनर तर टेबलावरही दिसता कामा नये, असा दंडक असतो. तुमची प्रयोगवही आजपासून अशी ठेवलीत आणि मुलाखतीला सोबत नेलीत, तर ती पाहणाऱ्याला तुमच्या गुणपत्रिकेपेक्षा अधिक काही सांगेल.

दुसरी गोष्ट म्हणजे तुमचा विषय आपल्या जिल्ह्यात कुठे कुठे राबतो हे प्रत्यक्ष पाहणे. विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर फक्त औषध कंपन्या असतात. त्या अंबड, सातपूर आणि सिन्नरकडे आहेतच, पण तेवढ्यावर यादी संपत नाही. इलेक्ट्रोप्लेटिंगच्या लहान कारखान्यांत निकेलचे प्रमाण त्याच ईडीटीए टायट्रेशनने (ईडीटीए या रसायनाचे द्रावण ब्युरेटमधून मोजून घालत केलेल्या चाचणीने) काढतात, जे तुम्ही पाण्याच्या कठीणपणासाठी करता. एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात बॉयलरला जाणाऱ्या पाण्यातील क्षार आणि सिलिका सतत तपासत राहावे लागते. दिंडोरी आणि विंचूरच्या वायनरींत द्राक्षरसाचे ब्रिक्स (साखरेचे प्रमाण), आम्लता आणि वाइनमधील सल्फर डायऑक्साइड मोजतात, आणि त्यातील शेवटची चाचणी आयोडीनच्या साध्या टायट्रेशननेही होते. जानेवारी ते मार्च हा त्यांचा गाळपाचा हंगाम असतो आणि त्या काळात हाताशी अधिक माणसे लागतात. याशिवाय साखर कारखाने, दूध संघ, सांडपाणी प्रक्रिया केंद्रे आणि पाणी-माती तपासणाऱ्या खासगी प्रयोगशाळा आहेत.

द्राक्षांच्या निर्यातीचा विषय तर प्रत्येक नाशिककर रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने एकदा नीट समजून घ्यावा. २०१० साली युरोपने भारतीय द्राक्षांचे अनेक कंटेनर नाकारले, कारण त्यांत क्लोरमेक्वॅट क्लोराइडचे, म्हणजे आपल्या बागायतदारांच्या भाषेत लिहोसिन या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे, अवशेष ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा अधिक सापडले. ती मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. हे रसायन तोवर आपल्याकडच्या तपासणीच्या यादीतच नव्हते, त्यामुळे येथून निघालेला अहवाल निर्दोष होता आणि माल तिकडच्या बंदरात अडकून पडला. निफाड-दिंडोरी भागातील कितीतरी घरे त्या वर्षी कर्जात गेली. तुमच्या ओळखीत कोणी द्राक्ष बागायतदार असतील, तर त्यांच्याकडून त्या हंगामाची हकिकत ऐका आणि मग घरी बसून वाचा की इतक्या सूक्ष्म प्रमाणातील पदार्थ शोधण्यासाठी द्रव क्रोमॅटोग्राफीला मास स्पेक्ट्रोमीटर का जोडावा लागतो. "तुम्हाला विश्लेषणात रस का आहे?" या प्रश्नाला असे उत्तर देणारा उमेदवार मला आजवर एकच भेटला आणि त्याला आम्ही त्याच दिवशी घेतले.

आता आत शिरायचे कसे, हा तुमचा खरा प्रश्न आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात ऑन जॉब ट्रेनिंगला ४ क्रेडिट दिलेले आहेत. बहुतेक मुले ते कोणाच्या तरी ओळखीने कागदोपत्री उरकतात. तुम्ही मात्र ती वेळ येण्याच्या सहा महिने आधीपासून प्रयोगशाळा शोधू लागा. विभागप्रमुखांच्या सहीचे पत्र घ्या, सोबत एका पानाचा परिचय ठेवा आणि मनुष्यबळ विभागाला मेल पाठवून वाट पाहत बसण्यापेक्षा लहान, वीस-पंचवीस माणसांच्या खासगी प्रयोगशाळेत दुपारच्या वेळी स्वतः जाऊन भेटा. दहा ठिकाणी गेलात तर सात-आठ ठिकाणी नकार मिळेल, हे गृहीत धरूनच निघा. लहान ठिकाणी बाटल्या धुण्यापासून सुरुवात होते हे खरे, परंतु तेथे तिसऱ्या आठवड्यात तुमच्या हातात पिपेट येते. मोठ्या कारखान्यात तोच काळ सुरक्षा-प्रशिक्षण आणि कागदपत्रे वाचण्यात जाऊ शकतो.

पदवीनंतर लगेच कायमची नोकरी मिळाली नाही, तर ॲप्रेंटिसशिपकडे कमीपणाने पाहू नका. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाल्यानंतर अभियांत्रिकीशिवाय इतर शाखांच्या पदवीधरांनाही ही वाट खुली झाली आहे. राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेच्या पोर्टलवर नोंदणी विनामूल्य होते आणि ठरवून दिलेल्या किमान विद्यावेतनाचा अर्धा भार केंद्र सरकार उचलते, त्यामुळे कारखान्यांनाही ते परवडते. 'एक वर्षाचा अनुभव' ही अट ज्या जाहिरातींत असते, त्या सर्व जाहिराती या एका वर्षाने तुमच्यासाठी उघडतात. नोंदणी शुल्क, अनामत रक्कम किंवा मूळ गुणपत्रिका मागणारा मध्यस्थ मात्र कितीही गोड बोलला, तरी तेथून उठून यावे. माझ्या धाकट्या भावाची मूळ प्रमाणपत्रे अशाच एका ठिकाणी आठ महिने अडकून पडली होती.

पन्नास हजारांच्या अभ्यासक्रमाबद्दल माझे स्पष्ट मत असे आहे की, दुसऱ्या वर्षात तो घेऊ नये. एचपीएलसी (मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणारे द्रव क्रोमॅटोग्राफीचे उपकरण) हाताळण्याचे कौशल्य रोजच्या वापराने टिकते, आणि तुम्ही आज शिकलात तरी नोकरी लागेपर्यंत दीड-दोन वर्षे त्या उपकरणाला तुमचा हात लागणार नाही. शिवाय अशा अनेक वर्गांत एका उपकरणाभोवती वीस जण उभे असतात. त्याऐवजी एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या सरकारी उपक्रमावर विश्लेषणात्मक रसायनशास्त्राचे आयआयटीच्या प्राध्यापकांनी घेतलेले अभ्यासक्रम पाहा. ते पाहण्यास पैसे लागत नाहीत आणि प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षेचे शुल्क भरावे लागते, जे साधारण एक हजार रुपयांच्या घरात असते. शेवटच्या वर्षाच्या अखेरीस, हातात मुलाखती येऊ लागल्यावरही उपकरणाची ओळख हाच एकमेव अडसर ठरतो आहे असे दिसले, तर मग एखाद्या छोट्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाचा विचार करावा, आणि पैसे भरण्याआधी तेथे शिकून गेलेल्या दोन मुलांशी संस्थेच्या माणसांच्या अपरोक्ष बोलून घ्यावे.

एक्सेलमध्ये सरासरी, प्रमाणित विचलन आणि कॅलिब्रेशनची सरळ रेषा काढता आली पाहिजे. हे आठ दिवसांचे काम आहे. इंग्रजीचे तसे नाही. तुम्ही मराठी माध्यमातून आला आहात असे लिहिले आहे. मीही तशीच आले. मला संभाषणाच्या वर्गाचा उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो रोज रात्री त्या दिवसाचा प्रयोग इंग्रजीत आधी लिहून आणि मग वहीकडे न पाहता मोठ्याने सांगून पाहण्याचा. मुलाखतीत आम्हाला अस्खलित भाषण नको असते. काय केले, काय आले आणि काय चुकले, एवढे सहा वाक्यांत सांगता आले तरी पुरते.

राहिला घरच्यांचा आग्रह. स्पर्धा परीक्षांना माझा विरोध नाही, पण गंगापूर रोडच्या अभ्यासिकांमध्ये तिशी ओलांडलेली जी हुशार मुले बसलेली दिसतात, त्यांतील कित्येकांनी थांबायचे कधी हे सुरुवातीला ठरवलेले नव्हते. राज्यसेवेची खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८ वर्षे असल्याने कायदा तुम्हाला थांबवणार नाही, ते तुम्हालाच ठरवावे लागेल. वडिलांसोबत बसून 'दोन प्रयत्न' किंवा 'अमुक वर्षापर्यंत' असे कागदावर लिहून घ्या. त्यांना हेही सांगा की, सरकारी नोकरीच हवी असेल तर तुमच्या विषयातूनही दारे आहेत. उदाहरणार्थ, अन्न सुरक्षा अधिकारी पदासाठी रसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवी चालते, मात्र नुसती बी.एस्सी. चालत नाही. त्यामुळे एम.एस्सी. करण्याचा विचार असेल तर आयआयटीसारख्या संस्थांतील एम.एस्सी. प्रवेशासाठीच्या जॅम परीक्षेचे अर्ज साधारणपणे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरले जातात आणि परीक्षा फेब्रुवारीत होते, हे तिसऱ्या वर्षात शिरतानाच ध्यानात ठेवा. माझ्या हाताखालच्या दोन मुलींनी ती तारीख केवळ माहीत नसल्यामुळे चुकवली आणि त्यांना पूर्ण वर्ष थांबावे लागले.