ट्रान्सफरचा आकडा आणि मॅनेजरचे श्रेय: वाचकांचे प्रश्न

इंग्लिश फुटबॉल क्लब चेल्सीने जानेवारी 2023 मध्ये एन्झो फर्नांडेझ या खेळाडूसाठी जवळपास 10.7 कोटी पौंड मोजले. तोट्यावर मर्यादा असताना हे नियमात बसले कसे? (कोपरी, ठाणे)

क्लबच्या हिशेबात ही रक्कम एकदम खर्ची पडत नाही. कराराची जितकी वर्षे, तितके तिचे भाग करतात आणि दरवर्षी एक भाग खर्चात धरतात. एन्झोचा करार साडेआठ वर्षांचा, म्हणजे वर्षाला साधारण सव्वा कोटी पौंड. पाच वर्षांचा असता तर हाच आकडा दोन कोटींच्या वर गेला असता. ही पळवाट आता बंद झाली आहे. 2023 च्या उन्हाळ्यात युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेने आणि त्याच वर्षी डिसेंबरात प्रीमियर लीग या इंग्लंडच्या अव्वल लीगने ठरवले की नवा करार कितीही लांबीचा असो, विभागणी जास्तीत जास्त पाच वर्षांवरच होईल. विकणाऱ्या क्लबला प्रत्यक्ष पैसे किती हप्त्यांत पोचतात, तो हिशेब निराळा. या दोन्हींची गल्लत फार होते.

खरी गोम विकताना कळते. समजा, 6 कोटी पौंडांचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर घेतला. वर्षाला 1.2 कोटी खर्ची पडले, दोन वर्षांनी हिशेबाच्या पुस्तकात त्याची किंमत 3.6 कोटी उरली. तो चालला नाही आणि 3 कोटींना विकला, तर त्या वर्षी 60 लाखांचा तोटा दाखवावा लागतो. म्हणून क्लब त्याला विकत नाही, उसना देतो किंवा बाकावर बसवून ठेवतो. नव्या मॅनेजरच्या वाट्याला येणारी अर्धी अडगळ अशीच जमलेली असते.

अकादमीत घडलेल्या खेळाडूची पुस्तकी किंमत मात्र शून्य, त्यामुळे विक्रीची जवळजवळ सगळी रक्कम नफ्यात जाते. चेल्सीत लहानाचा मोठा झालेला मेसन माउंट 2023 मध्ये मँचेस्टर युनायटेडला 5.5 कोटी पौंडांना गेला, त्यामागे हे गणितही होतेच. घरच्याच पोरांना आधी बाजारात उभे करायला लावणारा नियम मला मुळातच चुकीचा वाटतो. पण तो मोडणेही परवडत नाही. तीन वर्षांत 10.5 कोटी पौंडांच्या तोट्याची प्रीमियर लीगची मर्यादा ओलांडली म्हणून नोव्हेंबर 2023 मध्ये एव्हर्टन क्लबचे लीगमधले 10 गुण कापले गेले. अपिलात ते 6 वर आले.

आमच्या ग्रुपवर निव्वळ खर्चावरून, म्हणजे खरेदी वजा विक्री करून, मॅनेजरची तुलना चालते. हे योग्य आहे का? (घोडबंदर रोड)

नाही. विकलेला खेळाडू बहुतेकदा आधीच्या माणसाने आणलेला असतो. मॅनेजर क्लॉपच्या काळात लिव्हरपूलने जानेवारी 2018 मध्ये कुटिन्हो हा खेळाडू बार्सिलोनाला विकला. वान डाइक आणि ॲलिसन हे महागडे खेळाडू त्याच वर्षी आले, तरी त्या पैशामुळे निव्वळ खर्च फुगला नाही. पण कुटिन्हो 2013 पासून क्लबमध्ये होता, क्लॉप आला 2015 मध्ये. शिवाय पगारखर्चात लिव्हरपूल तेव्हाही इंग्लंडमधल्या वरच्या क्लबांत होता, आणि निव्वळ खर्चात पगार दिसतच नाही.

त्यापेक्षा पगारखर्चात क्लब कितवा आणि लीगमध्ये कितवा, हे दोन क्रम शेजारी ठेवून बघा. इंग्लिश क्लबांचे वार्षिक हिशेब कंपनीज हाउसच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. त्यात कर्मचारी खर्चाची टीप शोधा. एका हंगामावर निकाल देऊ नका, निदान तीन घ्या. आणि आयते मिळालेले खेळाडू वेगळे काढा. 2015-16 च्या विजेत्या लेस्टरमध्ये वार्डी 2012 पासून होता, मेहरेझ जानेवारी 2014 पासून. मॅनेजर रानिएरी आले 2015 च्या जुलैत. हे दोघे हेरल्याचे श्रेय भरती करणाऱ्यांचे. रानिएरींचे काम म्हणजे त्यांच्याभोवती जवळजवळ तोच संघ हंगामभर उभा ठेवणे, आणि ते काम कमी प्रतीचे नाही.

मुंबई सिटीने इंडियन सुपर लीगमध्ये 2020-21 ला पैशावरच ट्रॉफी मिळवली, असे म्हणणे बरोबर आहे का? (नेरुळ)

अर्धेच बरोबर. 2019 मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालकीच्या सिटी फुटबॉल ग्रुपने क्लबचा 65 टक्के हिस्सा घेतला, बळ वाढले. पण प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा एफसी गोवा क्लबकडून आले, आणि तिथलेच फॉल, जाहू, बूमू आणि मंदार राव देसाई हे खेळाडूही आले. आपली पद्धत अंगवळणी पडलेले चौघे आयते मिळाल्याने शिकवण्यात जाणारा वेळ वाचला. शील्ड (साखळीत अव्वल येण्याबद्दलची) आणि कप (अंतिम सामन्याचा) दोन्ही त्याच हंगामात आले.

आमच्या अकादमीतला मुलगा पुढे परदेशी क्लबला विकला गेला, तर आम्हाला काही मिळेल? (कोपरखैरणे)

मिळू शकते. फिफाच्या नियमाने आंतरराष्ट्रीय ट्रान्सफरच्या रकमेतले 5 टक्के खेळाडूला घडवणाऱ्या क्लबांना वाटले जातात. ज्या हंगामांत तो 12 ते 15 वर्षांचा होतो त्या प्रत्येकाचे 0.25 टक्के, 16 ते 23 च्या प्रत्येकाचे 0.5 टक्के. मुलगा तुमच्याकडे 13 ते 16 असे चार हंगाम होता आणि सौदा 2 कोटी रुपयांचा झाला, तर 1.25 टक्के, म्हणजे अडीच लाख. करार संपल्यावर फुकट गेला तर यातले काहीच नाही.

बहुतेकांचे घोडे नोंदणीत अडते. टर्फ भाड्याने घेऊन चालवलेल्या क्लासला हा हक्क नाही. राज्य संघटनेशी संलग्न क्लब हवा आणि मुलाची नोंद दर हंगामाला अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या सीआरएस या ऑनलाइन खेळाडू-नोंदणी प्रणालीत झालेली हवी. जन्मदाखल्यावरचे नाव आणि तारीख तिथे हुबेहूब आहे ना, हे त्याच वेळी तपासा. मधला एखादा हंगाम नोंदवायचा राहिला, तर त्याचा वाटा सिद्ध करताना नाकी नऊ येतात.