ब्रिटनमध्ये उत्खननाची नोकरी: निघण्याआधी हे ठरवा

तुमचा प्रश्न असा: डेक्कन कॉलेजमधून पुरातत्त्वात एम.ए. झालंय, दोन हंगाम साइटवर काम केलंय. आता ब्रिटनमध्ये वर्षभराचा मास्टर्स करून तिथेच उत्खननाच्या कंपनीत लागता येईल का? लागता येईल. पण टिकून राहणं व्हिसावर आहे, आणि कोर्स कोणता घ्यायचा हेही त्यावरूनच ठरवायला हवं.

इथे ब्रिटनमध्ये बहुतेक उत्खनन बांधकामाच्या आधी होतं. 1990 च्या नियोजन धोरणानंतर अवशेष नोंदवण्याचा खर्च बांधकाम करणाऱ्यावर आला आणि खासगी संस्था उभ्या राहिल्या. त्यांना खोदणारी माणसं लागतात, पण पगार कमी. स्किल्ड वर्कर व्हिसासाठी, म्हणजे नोकरीच्या व्हिसासाठी, जुलै 2025 पासून वर्षाला किमान 41,700 पौंड पगार लागतो, नवोदितांना 33,400. साइटवर नुकत्याच लागलेल्याचा पगार सहसा या दुसऱ्या आकड्यालाही पोचत नाही. म्हणून मास्टर्सनंतर काम करू देणारा ग्रॅज्युएट व्हिसा हीच तुमच्या हातातली मुदत, आणि 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना तो दोन वर्षांऐवजी दीडच वर्षाचा. एवढ्या काळात नुसतं खोदकाम करत राहिलात तर मुदत संपली की परतावं लागेल.

त्यामुळे पहिल्या सत्रापासून एक खास कौशल्य धरा: जळालेली धान्यं-बिया, प्राण्यांची हाडं, मानवी सांगाडे किंवा भूभौतिकी सर्वेक्षण (न खोदता उपकरणांनी जमिनीखालचं शोधणं). वनस्पती-अवशेषांची ओढ असेल तर युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनकडे नीट बघा. भारतातल्या प्राचीन पिकांवर तिथल्या डोरियन फुलर यांचं मोठं काम आहे. जुन्या सल्ल्यांवर मात्र विसंबू नका. प्राण्यांच्या हाडांसाठी शेफील्ड विद्यापीठाचं नाव हमखास घेतलं जायचं. तिथला पुरातत्त्व विभाग बंद करायचा निर्णय 2021 मध्येच झाला.

आता साइटवरचा फरक. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी 1944 मध्ये तक्षशिलेला शिकवलेली चौकोनांची पद्धत, मध्ये बाल्क (न खोदलेली मातीची भिंत) ठेवून थर वाचण्याची, आपल्याकडे हातात बसलेली असते. इथे ती मागे पडली. जेसीबीच्या बिनदात्यांच्या बकेटनं वरची माती काढतात आणि मोठं क्षेत्र एकदम उघडं करतात. मग प्रत्येक घटनेला वेगळा क्रमांक. खड्डा खणला ही एक घटना, तो भरला ही दुसरी. खणल्याचा क्रमांक चौकोनी कंसात, भरावाचा गोल कंसात. 'थर 1, थर 2' अशी सवय असेल तर पहिल्या आठवड्यात इथेच गोंधळ होतो.

साधा लोहयुगीन खड्डा घ्या. कडा सापडली की समोरासमोर दोन खिळे ठोकून मधोमध दोरी ताणा आणि अर्धाच खोदा. उभा छेद साफ करा, उत्तरबाण आणि मोजपट्टी ठेवून फोटो काढा, ड्रॉइंग फिल्मवर कडक पेन्सिलीनं 1:10 प्रमाणात काढा. नोंदीत घट्टपणा, रंग, पोत आणि मातीत मिसळलेलं काय ते लिहा. सगळ्यात जास्त चूक तळाशी होते. खड्ड्याच्या भिंतीच ढासळून बनलेला सर्वांत खालचा भराव मूळ जमिनीसारखाच दिसतो, म्हणून माणूस लवकर थांबतो. कोपऱ्यात वीतभर चाचणी-खड्डा घ्या. कोळशाचा कण किंवा खापर निघालं तर तळ अजून खाली आहे. चिकणमाती वाळली की कडा नाहीशा होतात. फवारणीच्या पंपानं पाणी मारून ट्रॉवेलनं (छोट्या थापीनं) खरडा, भराव वेगळा उठून दिसतो.

खापरांच्या घमेल्यांची अपेक्षा ठेवू नका. अख्ख्या खड्ड्यातून दोन-तीन तुकडे निघणं नेहमीचं. म्हणून मातीचा नमुना मोलाचा: एका भरावातून 40 ते 60 लिटर, भराव त्याहून कमी असेल तर सगळीच माती. ती पाण्यात तरंगवून बारीक चाळणीत जळालेले दाणे धरतात. हे काम हाताला लागलं की तुमच्या खास विषयाकडे सरळ रस्ता जातो.

इथे मजूर नसतात. घमेलं, फावडं, एकचाकी गाडा, सगळं स्वतःच, नोव्हेंबरच्या चिखलातही. बांधकामाच्या साइटवर सीएससीएस कार्ड (तिथे काम करण्याचं ओळखपत्र) लागतं, त्याआधी आरोग्य-सुरक्षेची परीक्षा. ती शिकत असतानाच देऊन टाका.

आणि गाडी. साइट खेड्यापाड्यांत असतात, बस जात नाही, चालक असेल त्याला आधी घेतात. भारतीय लायसन्सवर 12 महिनेच चालवता येतं आणि ते बदलूनही मिळत नाही. इथली लेखी आणि रस्त्यावरची परीक्षा द्यावीच लागते. रस्त्यावरच्या परीक्षेची तारीख मिळायला महिने लागतात, म्हणून प्रोव्हिजनल (शिकाऊ) लायसन्सचा अर्ज पोचल्याच्या पहिल्याच महिन्यात टाका.