लॅक्टोफेरिन का दिले नाही?

प्रश्न : आमची मुलगी 28 व्या आठवड्यात जन्मली असून सध्या नवजात अतिदक्षता विभागात आहे. दुधातून लॅक्टोफेरिन दिल्यास अशा बाळांना जंतुसंसर्ग कमी होतो, असे माझ्या वाचनात आले. परंतु डॉक्टरांनी ते देण्यास नकार दिला. आता दुसऱ्याच एका संशोधनासाठी त्यांनी आमची संमती मागितली आहे आणि बाळाला कोणता उपचार मिळणार हे संगणक ठरवेल, असे सांगितले आहे. आमच्या एवढ्याशा बाळावर असा प्रयोग होऊ द्यावा का?

उत्तर : आपण वाचले ते खोटे नाही, पण अपुरे आहे. लॅक्टोफेरिन हे आईच्या दुधात, विशेषतः चिकात, भरपूर असणारे प्रथिन आहे. ते लोह स्वतःशी बांधून ठेवते आणि लोह मिळाले नाही की अनेक जंतूंची वाढ खुंटते. इटली आणि न्यूझीलंडमध्ये दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या 472 बाळांवर झालेला अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. त्यात गाईच्या दुधातील लॅक्टोफेरिन मिळालेल्या बाळांत रक्तातील संसर्ग 5.9 टक्के, तर न मिळालेल्यांत 17.3 टक्के आढळला. हे आकडे वाचून आम्हा नवजात शिशुतज्ज्ञांनाही फार आशा वाटली होती. मात्र ब्रिटनमध्ये 32 आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या 2203 बाळांवर हाच उपचार तपासला गेला, तेव्हा संसर्गाचे प्रमाण एका गटात 29 आणि दुसऱ्या गटात 31 टक्के निघाले. एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. 2019 साली हे निष्कर्ष आल्यावर, केवळ संसर्ग टळावा म्हणून लॅक्टोफेरिन देण्यामागचा आधार उरला नाही. आपल्या डॉक्टरांचा नकार मला म्हणूनच योग्य वाटतो.

जंतुनाशक औषधांचा लेप दिलेल्या शिरेतील नळ्यांचेही असेच झाले. कल्पना अगदी पटणारी होती, पण त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्या नळ्या साध्या नळ्यांपेक्षा सरस ठरल्या नाहीत.

या बाळांना संसर्ग इतक्या सहज का होतो, हे पाळण्याशेजारी उभे राहिले की दिसते. त्वचा इतकी नाजूक असते की चिकटपट्टी जपून काढली नाही तर तिच्याबरोबर वरचा थरही सोलून येतो. आईकडून वारेतून मिळणारी प्रतिपिंडे मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत येतात आणि नेमके तेच दिवस या बाळांना लाभलेले नसतात. त्यातच पोषणासाठी शिरेत नळी ठेवावी लागते. ती प्रत्येक वेळी जोडताना तिचे तोंड जंतुनाशकाने घासून, ते पूर्ण वाळेपर्यंत थांबावे लागते. घाईच्या वेळी नेमके हे थांबणेच राहून जाते आणि मला सर्वांत जास्त काळजी त्या काही सेकंदांची वाटते.

आपल्या हातात काय आहे, हेही सांगतो. आईचे दूध, अगदी थेंब-थेंब निघत असले तरी, बाळापर्यंत पोहोचू द्या. बाळाला स्पर्श करण्यापूर्वी प्रत्येक वेळी हात स्वच्छ करा आणि दुसरे कोणी विसरले तर संकोच न करता आठवण द्या. डॉक्टरांच्या सल्ल्याने बाळाला आईच्या छातीशी उघड्या त्वचेला लावून धरा. भारतासह पाच देशांत 1 ते 1.8 किलो वजनाच्या बाळांवर झालेल्या आणि 2021 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच असे धरल्याने पहिल्या 28 दिवसांतील मृत्यू 15.7 वरून 12 टक्क्यांवर आले आणि संशयित जंतुसंसर्गही कमी झाला.

संमतीविषयी आपल्याला वाटणारी धास्ती मी समजू शकतो. दोन उपचारांपैकी कोणता चांगला हे खरोखरच ठाऊक नसते, तेव्हाच संगणकाकडून निवड करणे न्याय्य ठरते. डॉक्टरांनी निवडले तर अधिक आजारी बाळे नकळत एकाच गटात जातात आणि तुलना फसते. सही करण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा : संशोधनात नसती तर आपल्या मुलीला कोणता उपचार मिळाला असता, जास्तीचे रक्त किती घेणार, आणि अपाय दिसल्यास चाचणी थांबवण्याचा अधिकार असलेली स्वतंत्र समिती आहे का. उत्तरे पटली तर होकार द्यायला माझी हरकत नाही. नकार दिला किंवा मध्येच माघार घेतली तरी बाळाच्या देखभालीत फरक पडता कामा नये, आणि तसे संमतीपत्रात लिहिलेले असले पाहिजे. ते वाचायला एक रात्र मागून घ्या आणि त्याची प्रत स्वतःजवळ ठेवा.